खबर देणाऱ्याने निवाडा करू नये

पायथनच्या गणिती लायब्ररीला उणे एकचे वर्गमूळ विचारले की एक्सेप्शन येते: दिलेली किंमत या फंक्शनला चालणारी नाही. ‘ई’ या संख्येचा हजारावा घात मागितला की पुन्हा एक्सेप्शन येते, पण वेगळ्या नावाचे: उत्तर मावत नाही. इथवर शिस्त दिसते. आता दहाचा ३०८ वा घात घ्या आणि त्याला दहाने गुणा. या भाषेतल्या फ्लोटिंग पॉइंट संख्यांची कमाल मर्यादा सुमारे १.८ गुणिले दहाचा ३०८ वा घात एवढी आहे, म्हणजे उत्तर इथेही मावत नाही. तरी तक्रार होत नाही. ‘अनंत’ हे उत्तर मुकाट्याने हाती येते. त्याच संख्येचा वर्ग घाताचे चिन्ह वापरून काढला तर एक्सेप्शन, आणि तीच संख्या स्वतःशी गुणली तर अनंत. शून्याचा उणे एकावा घात चिन्हाने काढला तर तक्रार ‘शून्याने भागाकार’ अशी, लायब्ररीच्या फंक्शनने काढला तर ‘किंमत अयोग्य’ अशी. उणे आठचा एकतृतीयांश घात चिन्हाने मागितला तर संमिश्र संख्या मिळते, फंक्शनने मागितला तर एक्सेप्शन येते, आणि २०२२ च्या ३.११ आवृत्तीत आलेले घनमूळाचे फंक्शन उणे दोन असे सरळ उत्तर देऊन मोकळे होते. यातल्या प्रत्येक वागणुकीला कारण आहे आणि बहुतेक कारणे दस्तऐवजात नोंदवलेलीही आहेत. पण वापरणाऱ्याला एक नियम हवा असतो, कारणांची यादी नव्हे.

हा दोष एकट्या पायथनचा नाही. जावामध्ये पूर्णांकाला शून्याने भागले तर एक्सेप्शन येते, फ्लोटिंग पॉइंट संख्येला भागले तर अनंत मिळते. सर्वांत लहान ३२ बिटी पूर्णांकाचे निरपेक्ष मूल्य विचारले तर जावा बिनतक्रार ऋण संख्या परत करते, कारण तिची धन बाजू ३२ बिटांत बसत नाही. जावास्क्रिप्टमध्ये नेहमीच्या संख्यांचा प्रत्येक गणिती बिघाड ‘संख्या नव्हे’ या खुणेत, म्हणजे नॅनमध्ये, किंवा अनंतात संपतो. पण तिथल्याच मोठ्या पूर्णांकांना शून्याने भागले तर एक्सेप्शन येते. डेटाबेसमध्ये पोस्टग्रेस ऋण संख्येचे वर्गमूळ मागताच क्वेरी थांबवतो, तर मायएसक्यूएल त्या जागी नल ठेवून पुढे जातो. या साऱ्याचा आढावा घेतला की वाद नेहमी एकाच वळणावर अडतो: थांबणे चांगले की खूण ठेवून पुढे जाणे चांगले? माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. बिघाड झाल्याची खबर देणे हे लायब्ररीचे काम आहे. तो बिघाड किती गंभीर, यामुळे काम थांबवावे की नाही, हा निवाडा फंक्शन बोलावणाऱ्याचा आहे. लायब्ररी ही दोन कामे एकत्र करते, आणि तेही प्रत्येक फंक्शनमध्ये वेगळ्या प्रमाणात, तिथून विसंगती सुरू होते.

ही गुंतागुंत कशी साचत गेली ते पाहण्यासारखे आहे. १९८९ च्या सी भाषेच्या प्रमाणकाने गणिती फंक्शनांना खबर देण्याची एक जागा नेमून दिली: एर्नो नावाची एक सामाईक चल. किंमत फंक्शनच्या कक्षेबाहेरची असेल तर एर्नोमध्ये एक सांकेतिक आकडा, उत्तर मावत नसेल तर दुसरा. कल्पना साधी होती, पण तिचा सगळा भार वापरणाऱ्यावर होता. लायब्ररी एर्नो कधीही शून्य करत नाही. ते काम बोलावणाऱ्याने आधी करायचे आणि फंक्शन परतले की लगेच तपासायचे. मध्ये दुसरे एखादे फंक्शन आले की खबर पुसली जाण्याची भीती. युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह परंपरेने आणखी एक वाट काढली. प्रोग्रामरने मॅथएर नावाचे फंक्शन लिहून ठेवायचे आणि बिघाड झाला की लायब्ररीने तेच बोलवायचे. एकाच लायब्ररीत या दोन्ही पद्धती बराच काळ शेजारी शेजारी नांदल्या.

दरम्यान हार्डवेअरच्या बाजूने अधिक विचारपूर्वक उत्तर तयार झाले होते. १९८५ चे आयट्रिपलई ७५४ हे प्रमाणक ज्यांच्या कामातून उभे राहिले त्यात बर्कलीचे गणिती विल्यम काहान अग्रणी होते; १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. या प्रमाणकाने बिघाडांचे पाच प्रकार केले: अवैध क्रिया, शून्याने भागाकार, मर्यादेपेक्षा मोठे उत्तर, मर्यादेपेक्षा लहान उत्तर आणि पूर्णांकन करावे लागलेले उत्तर. प्रत्येक प्रकारात दोन गोष्टी घडतात. काहीतरी अर्थपूर्ण किंमत परत येते, नॅन, अनंत, शून्य किंवा जवळची संख्या. आणि एक झेंडा वर होतो, जो कोणी मुद्दाम खाली करेपर्यंत वरच राहतो. गणित थांबत नाही आणि खबरही हरवत नाही. हजार पायऱ्यांच्या गणितानंतर एकदा झेंडे पाहिले तरी मध्ये कुठेतरी बिघाड झाला होता हे कळते. खबर आणि निवाडा वेगळे ठेवण्याची इतकी स्वच्छ रचना संगणकाच्या इतिहासात क्वचित सापडेल. दुर्दैव असे की बहुतेक भाषांनी या रचनेतली किंमत उचलली आणि झेंडा मागेच सोडला. पायथनच्या मूळ भाषेत हे झेंडे पाहण्याची सोय नाही, जावा आणि जावास्क्रिप्टमध्येही नाही.

१९९९ च्या सी प्रमाणकाने दोन्ही वाटा जोडायचा प्रयत्न केला. लायब्ररीने एर्नो भरावा, झेंडा वर करावा किंवा दोन्ही करावे, आणि यातले काय करतो ते एका ठरावीक नावाने जाहीर करावे, अशी मुभा दिली गेली. ही मुभाच पुढे अडचण ठरली. लिनक्सवर सर्वत्र असलेली ग्लिबसी लायब्ररी दोन्ही करते. मसल ही लहान लायब्ररी आणि ॲपलची मॅकओएस फक्त झेंडा वर करतात. त्यामुळे एर्नो तपासणारा प्रोग्राम एका यंत्रावर बिघाड पकडतो आणि दुसऱ्या यंत्रावर, एक अक्षरही न बदलता, तोच बिघाड सोडून देतो. प्रमाणक दोघांनीही पाळलेले असते. विसंगतीचा हा सर्वांत त्रासदायक प्रकार: कोणाचीच चूक नाही आणि तरी खबर पोहोचत नाही.

खबर न पोहोचण्याचे परिणाम नॅनच्या प्रवासात स्पष्ट दिसतात. नॅनचे समर्थन असे केले जाते की ते पुढच्या प्रत्येक गणितात पसरत जाते, म्हणून शेवटच्या उत्तरात बिघाड दिसतोच. बेरीज-गुणाकारापुरते हे खरे आहे. पण प्रोग्राम केवळ बेरीज-गुणाकार करत नाही. नॅनशी केलेली ‘लहान आहे का’, ‘मोठे आहे का’ ही प्रत्येक तुलना ‘नाही’ असे उत्तर देते, त्यामुळे मर्यादा ओलांडली का अशी तपासणी त्याच्यावरून बिनदिक्कत पुढे जाते. सी भाषेत नॅन आणि एक यांतली मोठी संख्या विचारली तर एक मिळतो, जावात नॅन मिळते, आणि पायथनच्या मूळ फंक्शनमध्ये उत्तर कोणाचे नाव आधी घेतले यावर ठरते. जावात नॅनचे पूर्णांकात रूपांतर केले की निखळ शून्य हाती येते. आता ते मोजलेले शून्य की बिघडलेले, हे कोणालाही सांगता येणार नाही. जावास्क्रिप्टमधून जेसन स्वरूपात माहिती पाठवताना नॅनचा नल होतो. डेटाबेसमध्ये तर नल सरासरीतून वगळला जातो: शंभर नोंदींपैकी तीन बिघडल्या तर उरलेल्या सत्त्याण्णवांची नीटनेटकी सरासरी समोर येते आणि तिच्याकडे पाहून कोणालाही शंका येत नाही. खबर किंमतीच्या अंगावरच लिहिलेली असली, तर किंमत बदलताच ती पुसली जाते.

मग सरळ थांबावे, असे वाटणे साहजिक आहे. पण थांबण्याची किंमत काय असते याचा सर्वांत मोठा दाखला युरोपच्या एरियन ५ रॉकेटचा आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून त्याचे पहिले उड्डाण झाले आणि सुमारे ४० सेकंदांत ते नष्ट झाले. आडव्या वेगाशी संबंधित एका ६४ बिटी संख्येचे १६ बिटी पूर्णांकात रूपांतर करताना ती संख्या मावली नाही. अशा सात चलांपैकी चारांना संरक्षण दिलेले होते. प्रोसेसरवरचा भार मर्यादेत ठेवण्यासाठी तीन तशाच सोडल्या होत्या. एक्सेप्शन आले आणि ठरल्याप्रमाणे दिशादर्शक संगणक बंद पडला. राखीव संगणक त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडला होता. ज्या गणितात हा बिघाड झाला त्याचा उड्डाणानंतर काही उपयोगही नव्हता. ते आधीच्या एरियन ४ वरून तसेच आलेले होते. शेवटची गोष्ट माझ्या मुद्द्याशी थेट जोडलेली आहे: बंद पडताना त्या संगणकाने बिघाडाची म्हणून जी माहिती पाठवली, ती मुख्य संगणकाने उड्डाणाची मोजमापे समजून वाचली आणि त्यानुसार इंजिनांची तोंडे वळवली. खबर आणि किंमत एकाच वाटेने गेल्या आणि वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. पुढल्याच वर्षी, २१ सप्टेंबर १९९७ रोजी, अमेरिकेची यॉर्कटाउन ही युद्धनौका डेटाबेसमधल्या एका शून्याने झालेल्या भागाकारामुळे जवळपास पावणेतीन तास समुद्रात निश्चल उभी राहिली. दोन्ही ठिकाणी बिघाड पकडला गेला होता. फसला तो निवाडा, कारण तो संपूर्ण काम माहीत नसलेल्या थराने केला.

या दोन टोकांवरून लायब्ररीकडे करायच्या तीन मागण्या निघतात. पहिली, एका प्रकारच्या बिघाडाला सगळ्या फंक्शनांत आणि चिन्हांत एकच नाव असावे. उत्तर न मावणे गुणाकारात एक आणि घातात दुसरे असू नये. दुसरी, खबर किंमतीपासून वेगळी असावी आणि कोणीतरी ती पाहिल्याशिवाय नाहीशी होऊ नये. तिसरी, थांबणे, नोंद करणे की पुढे जाणे, हे बोलावणाऱ्याला ठरवता यावे आणि त्याने काहीच ठरवले नसेल तर काय होईल ते एका वाक्यात सांगता यावे. या मागण्यांच्या सर्वांत जवळ मला नमपाय ही पायथनची अंकगणिती लायब्ररी दिसते. तिच्यात शून्याने भागाकार, मोठे उत्तर, लहान उत्तर आणि अवैध क्रिया या चारही प्रकारांसाठी दुर्लक्ष, इशारा, एक्सेप्शन किंवा स्वतःचे फंक्शन असे पर्याय वेगवेगळे निवडता येतात, आणि तेही प्रोग्रामच्या ठरावीक तुकड्यापुरते. तिच्यातही उणिवा आहेत. नेहमीच्या मांडणीत इशारा एका ओळीसाठी एकदाच दिसतो, आणि पूर्णांकी भागाकारात शून्याने भागल्यास इशाऱ्यासोबत शून्य हे उत्तर मिळते, जे खऱ्या शून्यापासून वेगळे ओळखता येत नाही. तरी निवाड्याचा अधिकार तिने योग्य हाती दिला आहे.

यावर पहिला आक्षेप गणिताच्या बाजूने येतो: जिथे गणितातच एकमत नाही तिथे लायब्ररीकडून एकवाक्यता कशी मागायची? हा आक्षेप पोकळ नाही, आणि आपल्या परंपरेइतका त्याचा चांगला पुरावा क्वचितच मिळेल. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याला शून्याने भागले तर शून्य असे मानले. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांनी शून्याने भागलेली संख्या तशीच राहते असे म्हटले. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अशा राशीला खहर हे नाव देऊन ती अनंत मानली. आजचे प्रोसेसरही असेच विभागलेले आहेत. पूर्णांकाला शून्याने भागले तर इंटेलच्या परंपरेतला प्रोसेसर अडतो, ६४ बिटी आर्म शून्य देतो आणि रिस्क-फाइव्ह सगळे बिट एक करून देतो. एकचा नॅनावा घात सी भाषेच्या प्रमाणकात एक आहे, जावात नॅन आहे, आणि दोन्ही बाजूंना सांगण्यासारखी कारणे आहेत. पण या मतभेदांकडे नीट पाहिले तर ते उत्तराच्या किंमतीबद्दल आहेत. भागाकार शून्याने झाला, ही घटना कोणीच नाकारत नाही. भास्कराचार्यांनी तर किंमतीच्या आधी त्या राशीला स्वतंत्र नाव दिले. ती नेहमीच्या राशींसारखी नाही हे त्या नावातच कळते. संकेत वेगळे असू शकतात. घटना नोंदवण्याची रीत एक ठेवायला गणित आड येत नाही.

दुसरा आक्षेप वेगाचा आहे, आणि तो सर्वांत वजनदार आहे. प्रत्येक वर्गमूळानंतर एर्नो भरायचा झाला तर कंपायलरला एका सूचनेत होणाऱ्या कामाला तपासणीची जोड द्यावी लागते आणि अनेक संख्यांवर एकदम काम करणाऱ्या सूचना वापरणे अवघड होते. म्हणूनच जीसीसी कंपायलरमध्ये एर्नोची हमी सोडून देण्याचा पर्याय आहे. त्याहून आक्रमक असा जलद गणिताचा पर्याय तर नॅन आणि अनंत कधी येणारच नाहीत असे गृहीत धरतो, त्यामुळे प्रोग्रामरने स्वतः लिहिलेली नॅनची तपासणीही कंपायलर काढून टाकू शकतो. हा खर्च खरा आहे, पण तो खबर देण्याच्या एका विशिष्ट पद्धतीचा आहे. चिकटून राहणारे झेंडे प्रोसेसर तसेही वर करतच असतो. दहा लाख संख्यांच्या ओळीसाठी दहा लाख वेळा विचारण्याची गरज नाही, ओळ संपल्यावर एकदा विचारले तरी पुरते, आणि बिघाड दिसला तरच मागे जाऊन जागा शोधावी. वेगासाठी खबर सोडायचीच असेल तर तोही बोलावणाऱ्याचा निर्णय असावा, लायब्ररीने त्याच्या वतीने घेतलेला नव्हे.

तिसरा आक्षेप अनुभवी प्रोग्रामर हमखास घेतात: किंमत आधी तपासा, म्हणजे बिघाड होणारच नाही. वर्गमूळासाठी हे सोपे आहे. पण पृथ्वीवरच्या दोन ठिकाणांमधले अंतर कोसाइनच्या सूत्राने काढणारा प्रोग्राम घ्या. दोन्ही ठिकाणे एकच असतील तर कोसाइन नेमका एक यायला हवा. पूर्णांकनामुळे तो सोळाव्या दशांश स्थळी एकच्या किंचित वर जाऊ शकतो, आणि व्यस्त कोसाइनला एकच्या वरची किंमत चालत नाही. वापरणाऱ्याने दिलेली माहिती पूर्ण बरोबर असते. बिघाड गणिताच्या आत जन्मतो. घात आणि गॅमा यांसारख्या फंक्शनांत उत्तर मावेल की नाही हे आधी ठरवणे म्हणजे जवळजवळ तेच गणित दोनदा करणे. शिवाय प्रत्येकाने आपापली तपासणी लिहायची ठरवली तर विसंगती लायब्ररीतून उठून हजारो प्रोग्राममध्ये पसरेल, एवढेच होईल.

शेवटचा आक्षेप जुन्या प्रोग्रामांचा: वागणूक बदलली तर चालू असलेले मोडेल. या भीतीचा मान राखूनही बदल करता येतात, हे घडलेल्या गोष्टींवरून दिसते. ग्लिबसीने २०१८ च्या २.२७ आवृत्तीत मॅथएरची वाट नव्या प्रोग्रामांसाठी बंद केली आणि आधीच तयार असलेले प्रोग्राम चालू ठेवले. जावाने २०१४ च्या आठव्या आवृत्तीत जुन्या बेरजेला हात न लावता, उत्तर मावले नाही तर एक्सेप्शन देणारी बेरीज वेगळ्या नावाने आणली आणि २०२० च्या पंधराव्या आवृत्तीत निरपेक्ष मूल्यासाठीही तसेच केले. आयट्रिपलई ७५४ ने २००८ मध्ये आणलेल्या लहान-मोठे निवडण्याच्या क्रिया नॅनच्या बाबतीत सदोष ठरल्यावर २०१९ मध्ये मागे घेतल्या आणि दोन्ही वागणुकींना वेगवेगळी नावे दिली. पायथननेही ३.११ मध्ये शून्याच्या उणे अनंत घाताचे एक्सेप्शन काढून प्रमाणकाशी जुळवून घेतले. प्रमाणक लिहिणारेच आपली चूक दुरुस्त करतात, तर लायब्ररीने आपली विसंगती वारसा म्हणून जपण्याचे कारण उरत नाही.

म्हणून नव्या लायब्ररीची रचना करणाऱ्याने एक तक्ता पहिल्याच दिवशी करावा असे मला कळकळीने वाटते: उभ्या ओळीत प्रत्येक फंक्शन आणि प्रत्येक चिन्ह, आडव्या ओळीत बिघाडाचे प्रकार, आणि प्रत्येक चौकटीत परत येणारी किंमत व दिली जाणारी खबर. एका स्तंभातल्या खबरी एकसारख्या नसतील तर काम अपुरे समजावे. जुन्या लायब्ररीसाठीही हा तक्ता करता येतो, आणि विसंगत चौकटी उघड दिसल्या की निदान दस्तऐवजात त्या ठळक करता येतात. वर्गमूळ बिघडल्यावर काय करायचे ते विद्यार्थ्याच्या गृहपाठात वेगळे, हवामानाच्या गणितात वेगळे आणि रॉकेटमध्ये वेगळे असणार, आणि यातले कोणते काम चालू आहे हे वर्गमूळाच्या फंक्शनला कधीही कळणार नाही. त्याला कळते ते इतकेच की आपल्याकडून उत्तर निघाले नाही. तेवढे त्याने प्रत्येक वेळी, एकाच शब्दांत सांगितले पाहिजे.